ट्रॅक्टरचा ब्रेक एका बाजूला का ओढतो?



दसरा झाला की आपल्या भागात ज्याच्या त्याच्या दारात ट्रॅक्टर सजायला लागतो. टायर ठोकून बघायचे, ट्रॉलीच्या मोडक्या फळ्या बदलायच्या, बॅटरी चार्जिंगला टाकायची, शेतकी ऑफिसात जाऊन वाहतुकीचा करार करायचा, उचल घ्यायची. गाण्याचा स्पीकर तर सगळ्यांच्या आधी दुरुस्त होतो. ब्रेकचे नाव मात्र कोणी काढत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "लागतोय की! जरा डावीकडं वढतोय, एवढंच."

या 'जरा'विषयी आज लिहायचे आहे. ज्याचा ब्रेक अजिबातच लागत नाही असा ट्रॅक्टर कोणी रस्त्यावर काढत नाही. एका बाजूला ओढणारा मात्र वर्षानुवर्षे चालतो. ड्रायव्हरच्या हाताला त्याची सवय होते, ब्रेकवर पाय गेला की स्टेअरिंग आपोआप दुसरीकडे वळते, आणि मग तो दोष आहे हेच कोणाच्या ध्यानात राहत नाही. हा लेख कोणा इंजिनिअरचा नाही. तुमच्यासारख्याच एका ऊस घालणाऱ्या सभासदाने स्वतःच्या चुकीवरून लिहिलेला आहे.

ओढ्याच्या उतारावर

२०११-१२ च्या गळितातली गोष्ट. माझा ट्रॅक्टर तेव्हा २५ वर्षांचा, तोही दुसऱ्याकडून घेतलेला. दिवाळीपासून ब्रेक दाबला की त्याचे नाक डावीकडे जात होते. ड्रायव्हर माझ्याकडे दहा वर्षे असलेला, हात बसलेला माणूस. तो दोन-तीनदा म्हणाला, "आण्णा, ब्रेक मारला की स्टेअरिंग उजवीकडं धरून ठेवावं लागतंय. एकदा बघून घ्या." मी म्हणालो, "हंगाम तर लागू दे रं. दोन खेपा पडू देत, मग बघू."

दोन खेपा पडल्या नि मी ट्रॅक्टर एका मिस्त्रीकडे नेला. त्याने चालवून बघितला, खाली उतरला आणि डाव्या ब्रेकचा रॉड चार आटे सैल केला. "डावा ज्यादा धरतोय," म्हणाला. पुन्हा चालवला तर नाक सरळ. पाच मिनिटांत काम झाले, पैसेही फार नाहीत, मी खूश होऊन घरी आलो.

आठ दिवसांनी दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडे निघालो. गावाबाहेर ओढ्याला उतार आहे. फार मोठा नाही, पण खाली अरुंद पूल आणि पुलाला लागून वळण. पुढे तीन बैलगाड्या चाललेल्या. शेवटच्या गाडीत उसाच्या मोळ्यांवर एक बाई बसली होती, तिच्या मांडीवर पोर. मी मडगार्डवर बसलो होतो. (बसू नये. पण बसलो होतो.)

उतार सुरू झाल्यावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला. काही झाले नाही. त्याने आणखी दाबला, शेवटी सीटवरून उठून सगळे वजन पेडलवर टाकले. तेव्हा डावा ब्रेक एकदम धरला, उजवा तसाच घसरत राहिला, आणि मागून दोन ट्रॉल्यांनी रेटा दिला. ट्रॅक्टर डावीकडे फिरला तो थेट बांधात घुसला. पुढचा ॲक्सल वाकला. पहिली ट्रॉली कलंडून बाभळीला टेकली, म्हणून उलटली नाही. अर्धा ऊस रस्त्यावर. शेवटच्या बैलगाडीची मागची बाजू आणि आमचा बंपर यांत दोन हात अंतर उरले होते. बैल बुजलेसुद्धा नाहीत. गाडी पूल ओलांडून गेली. त्या बाईने एकदा मागे वळून बघितले, एवढेच.

ड्रायव्हर काही बोलला नाही. खाली उतरला, बांधावर बसला आणि पाणी मागितले. तो मला काही बोलला असता तर बरे वाटले असते.

"उजवीकडचा बघितला का?"

ट्रॅक्टर ओढत आणला. आपल्या वर्कशॉपमध्ये तेव्हा एक जुने फिटर होते. त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "उजवीकडचा बघितला का?"

मी म्हणालो, "उजव्याला काय झालंय? वढत तर डावीकडं होता."

"डावा त्याचं काम करत होता, म्हणून तर डावीकडं ओढत होता. उजवा झोपला होता. आणि तुम्ही काम करणाऱ्यालाच ढिला केला."

सगळ्या लेखाचे सार या बोलण्यात आहे. ब्रेक ज्या बाजूला ओढतो ती बाजू बहुधा चांगली असते, दोष असतो तो दुसऱ्या बाजूला. (एखादे वेळी ओढणारी बाजू जाम झालेली असते. ते कसे ओळखायचे ते पुढे येईल.) चांगल्या बाजूचा रॉड सैल केला की नाक सरळ होते हे खरे, पण मग दोन्ही बाजू सारख्याच निकामी होतात. मोकळ्या ट्रॅक्टरला ते कळत नाही. ऊस भरल्यावर कळते.

असे का होते ते समजायला ब्रेक आतून कसा असतो ते पाहू. ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतो. पेडल दोन; डावे डाव्या चाकाला, उजवे उजव्या चाकाला. शेतात सरीच्या टोकाला एकच पेडल दाबून जागेवर वळता यावे म्हणून ही सोय केलेली आहे. रस्त्यावर आले की दोन्ही पेडले कडीने जोडून घ्यायची. ही कडी पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांवर एक तर गंजून जाम झालेली असते, नाही तर पडून गेलेली असते. तुमची जागेवर आहे का ते आजच बघा. रस्त्यावर भरल्या ट्रॉल्या मागे असताना पाय एकाच पेडलवर पडला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते.

आपल्याकडे अजून पुष्कळ दारांत उभा असलेला जुना ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ साली जी कंपनी काढली तिचा हा ट्रॅक्टर. त्याचा ब्रेक चाकात नसतो. डिफरन्शियलमधून चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टवर, दोन्ही अंगांना, एकेका हाऊसिंगमध्ये तो बसवलेला असतो. आत लायनिंग लावलेल्या दोन तबकड्या शाफ्टबरोबर फिरतात. त्यांच्या मधोमध दोन लोखंडी प्लेटी असतात आणि त्या प्लेटींच्या मध्ये, उतरत्या खाचांमध्ये, स्टीलच्या गोळ्या. पेडल दाबले की रॉड ओढला जातो, दोन्ही प्लेटी एकमेकींच्या उलट अंगाला किंचित फिरतात, गोळ्या खाचेच्या उतारावर चढतात आणि प्लेटी फाकतात. त्या तबकड्यांना दाबतात, शाफ्ट धरला जातो. शिवाय फिरती तबकडी प्लेटीला आपल्याबरोबर ओढू पाहते, त्याने पकड आणखी घट्ट होते. शाफ्ट चाकापेक्षा जास्त वेगाने फिरतो, पुढे गिअरमधून वेग कमी होतो, त्यामुळे एवढ्याशा तबकड्या एवढे मोठे चाक थांबवतात.

युक्ती चांगली आहे, पण तिला दोन शत्रू आहेत. एक तेल, दुसरा गंज. हा ब्रेक कोरडा चालायचा. शाफ्टवर जे ऑईल सील असते ते गेले की गिअरचे तेल पाझरत तबकड्यांवर येते आणि ती बाजू घसरायला लागते. आणि ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर उभा राहिला की गोळ्या नि खाचा गंजतात. मग ब्रेक एक तर लागत नाही, किंवा लागला की सुटत नाही.

आधी पेडल, मग पाना

ब्रेक उघडायच्या आधी पुष्कळ काही कळते. घाई करून हाऊसिंग खोलू नका.

कडी काढून एकेक पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीला थोडी मोकळी चाल असते, मग आत काहीतरी लागल्याचे कळते. ही मोकळी चाल किती असावी याचे माप तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते, ते बघूनच ठेवायचे. पण पुस्तक नसले तरी एक गोष्ट घरी तपासता येते: दोन्ही पेडलांची चाल सारखी आहे का? एक दोन बोटे जाऊन लागते आणि दुसरे चार बोटे, तर ट्रॅक्टर ओढणारच. मोकळी चाल अजिबात नसेल तर ब्रेक सतत घासत राहतो, तापतो आणि लायनिंग जळते. काही जण 'घट्ट ब्रेक' हवा म्हणून रॉड आवळून ठेवतात. आठवडाभर बरे वाटते, मग नव्या लायनिंगचा खर्च.

पेडल सोडल्यावर ते झटकन वर येते का? हळू येत असेल तर स्प्रिंग मेलेली असते, पेडलचा बुश ग्रीसविना जाम असतो, नाही तर आत प्लेटी गंजलेल्या असतात. ब्रेक सोडूनही ट्रॅक्टर एका बाजूला ओढ खात असेल, त्या अंगाचे हाऊसिंग तापत असेल, जळका वास येत असेल, तर मात्र जी बाजू ओढते तीच जाम आहे. वर म्हटले ते हेच.

मग खाली वाकून रॉड बघा. रॉडच्या दोन्ही टोकांच्या पिना झिजून भोके लांबट झालेली असतात. २५-३० वर्षांच्या ट्रॅक्टरला चार पिनांची मिळून एवढी चाल निघते की पेडल अर्धे खाली गेल्यावर कुठे रॉड हलू लागतो. ती झीज रॉड आवळून लपवता येते, पण ती तिथेच राहते. पिना बदलणे हे या सगळ्यातले सर्वांत स्वस्त काम आहे. स्प्लिट पिनेच्या जागी तार गुंडाळलेली असेल तर ती आधी काढून टाका.

पुढची परीक्षा चाकाची. जमीन सपाट हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गिअर न्यूट्रल, मागची दोन्ही चाके जॅकने उचला आणि ॲक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर ठेवून खाली हात घालू नका, ही सूचना विनोदाने घेऊ नये. आता एक चाक हाताने फिरवा. डिफरन्शियलमुळे दुसरे उलट फिरेल. मग एका पेडलवर कोणाला तरी हलका हात ठेवायला सांगा आणि त्या बाजूचे चाक फिरवून बघा. हळूहळू दाब वाढवा. कोणत्या जागी चाक जड होते, कोणत्या जागी हलेनासे होते, त्यावर खडूने पेडलपाशी खूण करा. दुसऱ्या बाजूला तेच करा. दोन्ही खुणांत फरक दिसला की कोणती बाजू झोपली आहे ते समजले. पेडल पूर्ण दाबूनही चाक दोन माणसांच्या जोराने सरकत असेल तर आत तेल आहे, असे समजून चालायला हरकत नाही.

हाऊसिंगच्या खालच्या अंगाला बोट फिरवून बघा. तिथे ओलसर, काळपट चिकटा असेल, त्यावर पाचटाचा भुसा बसलेला असेल, तर ते गिअरचे तेल.

लायनिंग नव्हे, तेल कुठून येते ते बघा

माझ्या ट्रॅक्टरची उजवी बाजू उघडली तेव्हा तबकड्या तेलाने चिंब होत्या. मी म्हणालो, नवीन लायनिंग टाका. फिटर म्हणाले, टाकतो, पण महिन्यानं परत याल. तेल कुठनं येतंय ते आधी बघू.

ऑईल सील फाटले होते. ते तर दिसतच होते. पण सील का फाटले? इथे बहुतेकांची दुरुस्ती थांबते आणि सील पुन्हा जाते. त्यांनी तीन गोष्टी तपासल्या आणि त्या तुम्हीही तपासाव्यात.

पहिली, शाफ्टचे बेअरिंग. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघायचा. बेअरिंग झिजले असेल तर शाफ्ट डोलतो, आणि डोलणाऱ्या शाफ्टवर कोणतेही सील टिकत नाही. शाफ्टवर सीलच्या ओठाने घासून खोलगट चरा पडला आहे का, तेही नखाने चाचपून बघायचे. दुसरी, तेलाची पातळी. मी हंगामाआधी 'असू दे थोडे जास्त' म्हणून खुणेच्या वर तेल भरले होते. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी असा माझा समज. ते तेल वर चढून सीलवर उभे राहते. तिसरी गोष्ट मला ठाऊकच नव्हती. गिअरबॉक्सला हवा घ्यायला एक लहानसे भोक असते, मिस्त्री त्याला ब्रीदर म्हणतात. काम सुरू झाले की आतले तेल तापते, हवा फुगते आणि या भोकातून बाहेर जाते. माझ्या ट्रॅक्टरवर त्या भोकावर माती, ग्रीस आणि पाचटाचा थर दगडासारखा बसला होता. हवेला वाट नाही. मग ती सीलमधून तेल घेऊन बाहेर पडायची.

म्हणजे मिस्त्रीने चूक केली ती रॉडची. मूळ दोष माझाच होता: जास्तीचे तेल आणि वर्षानुवर्षे न पुसलेले एक भोक.

तेल प्यालेल्या लायनिंगबद्दल एक सांगतो. पेट्रोलने धुणे, जाळावर धरणे, वरून बारीक माती टाकणे असे सगळे उपाय आपल्याकडे चालतात. त्याने दोन दिवस पकड येते. पण तेल लायनिंगच्या पोटात गेलेले असते, ब्रेक तापला की ते पुन्हा वर येते, तेही नेमके उतारावर, जिथे ब्रेक तापतो. चिंब झालेले लायनिंग बदलायचेच. आणि बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एका अंगाला नवे, दुसऱ्याला झिजलेले असे ठेवले तर पुन्हा ओढण्यापासून सुरुवात.

सील बसवण्याआधी प्लेटी, गोळ्या, खाचा डिझेलने धुऊन कोरड्या पुसायच्या. गोळी खाचेत हाताने सहज फिरली पाहिजे. खाचेत खड्डे पडले असतील तर प्लेट बदलावी लागते, त्याला उपाय नाही. लायनिंग रिबिटांचे असेल तर रिबिटाची डोकी लायनिंगच्या आत बुडालेली आहेत ना ते बघा; ती वर आली की लोखंड लोखंडावर घासते, करकर आवाज येतो आणि नवी प्लेट खराब होते.

जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षांनी त्रास देते, हे आता सिद्ध झालेले आहे. म्हणून हाऊसिंगमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा तोंडाने फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडके टाकून द्या. शेजारी पोरे उभी असतील तर त्यांना आधी लांब घालवा.

सगळे जोडल्यावर दोन्ही रॉड पुस्तकातल्या मापाला लावायचे, चेक नट घट्ट करायचे, आणि जॅकवरची खडूची परीक्षा पुन्हा घ्यायची. मग खाली उतरवून मोकळ्या मैदानात, ट्रॉलीविना, हळू वेगात, पेडले कडीने जोडून ब्रेक मारायचा आणि मातीत उमटलेल्या दोन्ही चाकांच्या खुणा बघायच्या. दोन्ही सारख्या लांबीच्या हव्यात.

दोन ट्रॉल्यांचा हिशेब

आता कोणी म्हणेल, ब्रेक सारखे झाले, मग काळजी संपली. नाही. फिटरनी पाटीवर खडूने मला एक हिशेब मांडून दाखवला, तो ढोबळ आहे पण डोळे उघडणारा आहे.

ट्रॅक्टर २ टन. दोन ट्रॉल्या मिळून ३ टन, त्यांत १२ टन ऊस. एकूण १७ टन. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर जेवढे वजन पडते त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त जोर रस्ता देतो, त्यापुढे चाक घसरते. समजा तो जोर सव्वा टनाच्या आसपास मिळाला. मोकळा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगात असेल तर चार-पाच मीटरमध्ये थांबतो. हाच ट्रॅक्टर १७ टन घेऊन सपाट रस्त्यावर २० ते २२ मीटर घेतो, म्हणजे सत्तर फूट. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी साडेपाच मीटर.

हे सपाटीवर. वीस फुटांत एक फूट असा उतार असेल तर नुसते १७ टनांचे वजनच पाऊण-एक टनाच्या जोराने खाली ओढते. ब्रेकच्या सव्वा टनातले शिल्लक राहते ते थोडेसे; थांबायला पन्नास-साठ मीटरही पुरत नाहीत. चौदा फुटांत एक फूट उतार असेल तर ब्रेकचा जवळजवळ सगळा जोर गाडी धरून ठेवण्यातच जातो, थांबवायला उरतो तो फक्त चाकांचा नि रस्त्याचा अडथळा. ब्रेक अगदी नवा, कोरडा, दोन्हीकडे सारखा असला तरी. माझा तर अर्धाही नव्हता.

म्हणून उतारावर खरा ब्रेक म्हणजे गिअर. उतार लागायच्या आधी, वरच, गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये तो चढ भरल्या ट्रॉल्यांनी चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. अर्ध्या उतारावर गिअर बदलायला गेलात आणि नवा गिअर पडला नाही, तर ट्रॅक्टर मोकळा सुटला. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मी बघितले आहेत. वाचलेले डिझेल लोटाभर असते. क्लच दाबून ब्रेक मारणे हेही तेच, इंजिनची पकड सुटते.

दुसरी गोष्ट ट्रॉलीची. आपल्याकडे पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच, किंवा असलेला कधी जोडलेला नसतो. ट्रॉली पुढे ढकलू लागली की तिच्या दांडीच्या रेट्यानेच तिचा ब्रेक लागावा अशी रचना करता येते. ट्रॅक्टरवरून चालणारे हायड्रॉलिक किंवा हवेचे ब्रेकही ट्रॉलीला बसतात. खर्च आहे, नाही असे नाही. पण ट्रॉलीच्या चाकांवर जे १२-१५ टन बसलेले असतात त्यांचा काही उपयोग तिला थांबवायला व्हायला हवा. ते जमेपर्यंत जुन्या ट्रॅक्टरने एक ट्रॉली ओढावी, असे माझे मत आहे. खेपा वाढतात, हेही मला मान्य आहे.

ज्यांच्याकडे वेगळा ब्रेक आहे

ज्या जुन्या ट्रॅक्टरांना मागच्या चाकाच्या हबपाशी ड्रम असतो, उदाहरणार्थ फर्ग्युसन ३५, त्यांच्यात तबकड्यांऐवजी दोन शू असतात. ते फाकून ड्रमला आतून धरतात. वरच्या सगळ्या परीक्षा त्यांनाही लागू. तिथे तेल ॲक्सलच्या सीलमधून येते, आणि ग्रीसगनने उत्साहाने ग्रीस भरणाराही कधी कधी ते ड्रममध्ये पोचवतो. ड्रम काढल्यावर आत कडा झिजून ओठ तयार झाला असेल तर नुसते शू बदलून भागत नाही.

नव्या ट्रॅक्टरांना तेलात बुडालेले ब्रेक येतात. त्यांना तेलाचे भय नाही, पण पुस्तकात सांगितलेलेच तेल लागते. स्वस्तातले कोणतेही गिअर ऑईल ओतले की तेही घसरतात आणि आवाज करतात.

आणि ज्यांच्याकडे जुनी जीप आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. तिचा ब्रेक ऑईलवर चालतो आणि जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर असतो. एका चाकाशी पाईप गळला तर चारही ब्रेक गेले. पेडल फुग्यासारखे मऊ लागत असेल तर लाईनमध्ये हवा आहे; पाय ठेवून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे ओल नसेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले. बाटलीत ब्रेक ऑईलच घाला. इंजिन ऑईल घातले की सगळी रबरे फुगतात आणि ब्रेक जाम होतो.

पहिल्या खेपेला

दुरुस्ती झाल्यावर पहिली खेप एका ट्रॉलीची करा, तीही अर्धी भरून. कारखान्याच्या अड्ड्यावर पोचलात की काट्याच्या रांगेत वेळ असतोच. खाली उतरा आणि दोन्ही ब्रेकच्या हाऊसिंगजवळ तळहात न्या. टेकवू नका, चटका बसतो. दोन्हीकडे सारखी ऊब लागली तर दोन्ही बाजू सारखे काम करत आहेत. एक गरम आणि दुसरे थंड असेल तर थंड बाजू झोपलेली आहे, किंवा गरम बाजू सुटत नाही. परत येताना ब्रेकला हात न लावता बघा, गरम बाजू मोकळी चालूनही तापलेलीच राहिली तर ती जाम. अड्ड्यावर माझा ड्रायव्हर हे अजून दर खेपेला करतो. तो सांगतो, "आण्णा, दोन्हीकडं सारखंच," आणि मग आम्ही चहाला जातो.